मिरची झाकायला उठलो म्हणून

शहर स्टार्टअपचं केंद्र कशानं होतं, हे नंदुरबारला येऊन मला शिकवणाऱ्या त्या पाहुण्याचा राग अजून उतरलेला नाही. पुण्याचे गृहस्थ, नव्या कंपन्यांत पैसे गुंतवतात. सकाळी कॉलेजात त्यांचं भाषण झालं. म्हणे विमानतळ हवा, अनुभवी सल्लागार हवेत, आणि चार माणसं बसून कल्पना लढवतील अशी कॉफीची दुकानं हवीत. मी पहिल्या रांगेत मान डोलावत होते, कारण दुपारी ते आमचं ऑफिस बघायला येणार होते. गरजवंताला अक्कल नसते, दुसरं काय!

ऑफिस म्हणजे मिरचीच्या गोदामावरच्या दोन खोल्या. समोर पथारी, म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायचं उघडं मैदान. अवकाळी पाऊस आला की सगळा माल काळा पडतो. म्हणून आम्ही तिथे हवा मोजणारी यंत्रं बसवली. पाऊस यायच्या आत व्यापाऱ्यांना आणि मजुरांना आपोआप फोन जातो. ‘पानी ई ऱ्हायना, मिरच्या झाका,’ म्हणजे पाऊस येतोय, हे अहिराणीत माझ्या आवाजात, आणि भिलीत आमच्याकडे काम करणाऱ्या खांडबाऱ्याच्या मुलीच्या आवाजात. ती रोज रेल्वेनं येते. यंत्रं सांभाळते ती दुसरी, तळोद्याची. पुण्यात आठ वर्षं नोकरी करून मी परत आले आणि या दोघींना घेऊन हे उभं केलं. पुढचा हंगाम चालवायला मात्र जवळ काही उरलं नव्हतं.

पाहुणे नाकाला रुमाल लावून बसले. खालच्या मिरचीचा ठसका नव्या माणसाला लागतोच. तळोद्याची मुलगी त्यांना यंत्र समजावत होती, तेवढ्यात आम्हा तिघींचे फोन एकदम वाजले. आता आमच्याकडे मिरची झाकायची वेळ आली की बसून कुणी राहत नाही. न्हावीसुद्धा गिऱ्हाइकाच्या गालावर फेस तसाच ठेवून धावतो. दोघी बोलता बोलता उठल्या आणि जिना उतरल्या. “आलेच,” म्हणून मीही पळाले. मजुरांबरोबर ताडपत्र्या ओढल्या, दगड ठेवले, आणि पाऊस धो धो कोसळला. वर आलो तेव्हा तिघी चिंब आणि डोळ्यांची आग आग.

पाहुणे म्हणाले, “तुमच्या टीमला शिस्त नाही. मीटिंग सोडून कुणी असं उठतं का?”

अहो, वाजला तो आमच्याच यंत्राचा फोन. खालची मिरची कोरडी आहे ती त्याच्यामुळे. जे बघायला आलात तेच तर तुमच्या डोळ्यांदेखत झालं! हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांना ते कळलं होतं, हे त्याहून वाईट. यंत्र चांगलंच आहे, पैसे घालायला मी तयार आहे, फक्त कंपनी पुण्याला हलवा, इथे वातावरण नाही, असं म्हणाले. आणि या दोघी? त्यांच्या घरचे पुण्याला पाठवणार नाहीत, हे मी आधीच विचारून बसले होते. तर म्हणतात, पुण्यात माणसांना काय तोटा?

मग मात्र माझं डोकं फिरलं. तोटा असेल कसा? धुळे, जळगाव, नंदुरबार, जिथे जे पोर शिकतं ते तुमच्याकडे येतं. माझी आठ वर्षं तिथेच गेली. तुमचं शहर विमानतळानं आणि कॉफीनं नाही मोठं झालं, आमच्या गावांनी पाठवलेल्या माणसांनी झालं. मी हे चांगलं आवाज चढवून सांगितलं.

ते शांतपणे म्हणाले, “तेच म्हणतोय मी. मग परत या.”

मी हात जोडले आणि खाली जाऊन त्यांच्यासाठी रिक्षा थांबवली.

वर आले तर खांडबाऱ्याची मुलगी ओढणीनं केस पुसत होती. “ताई, आमच्यासाठी नाही म्हणालात का?” तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही गं, मलाच जायचं नाही. तिनं ओढणी पिळली.

“मग हंगाम संपला की आम्ही यायचं का नाही?”

पैसे त्यांचे, अट त्यांची, आणि त्या पोरीला उत्तर मात्र मी द्यायचं.