हद्द समाप्त

परवा माहेराहून निघाले. एस.टी.च्या फाट्यापलीकडे नवी पाटी दिसली. तिच्या ऑइलपेंटच्या वासाने जुन्या पाटीखाली थबकलेले माझे वडील, आबा, आठवले.

पाहुण्याला शिवेपर्यंत पोचवायची आमच्याकडे रीत. लग्नानंतर मी पहिल्यांदा सासरी परतत होते तेव्हा आबा माझी पिशवी घेऊन निघाले, ते ‘संग्रामपूर हद्द समाप्त’ या पाटीशी थांबले.

“फाट्यापर्यंत चाला ना, आबा. पाटी तं गाड्यावाल्याईसाठी हाये.”

“सरकारनं लिहेल हाये, बाई. इथून मांगं फिरा लागते.”

फाट्यापर्यंत मी एकटीच रडत गेले. फार राग आला होता त्यांचा.

आता गाव वाढलंय, म्हणून पाटी फाट्यापलीकडे गेली. पिशवी माझ्याच हातात होती. आबा असते, तर मला एस.टी.त बसवूनच परतले असते.