काकूंच्या मॉनिटरवरचं कुंकू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, मंडळात नाही. ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. आणि सांगायला दिवस कोणता निवडला — तर आपण जिंकलो त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ.

कारण जिंकलोच आहोत आपण. काल खंडेनवमीला दापोडीतल्या आपल्या गल्लीतून ई-कचऱ्याची गाडी निघाली, तेव्हा तिचं मागचं फळकूट लागेना. दोघांनी खांदा देऊन ते बसवलं. मेलेले मिक्सर, बॅटरी फुगलेले मोबाइल, गणपतीच्या जळक्या माळा, पोटमाळ्यावरचे कॉम्प्युटर. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल. पहिल्या शिफ्टची माणसं कंपनीतल्या मशिनींची पूजा आटोपून आली ती घरी न जाता थेट गाडीपाशी. सांगवीहूनही लोक आले — त्यांना कुणी बोलावलं होतं? मंडळाचे अध्यक्ष बाळूभाऊ माइकवर म्हणाले, "राव, विसर्जनाला एवढी गर्दी नव्हती."

मी त्या ढिगापाशी उभी होते आणि माझा ऊर भरून आला होता. खोटं कशाला सांगू? आजही भरलेलाच आहे.

पण ही सगळी प्रथा सुरू कुठून झाली, ते तुम्हाला ठाऊक आहे. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या शेवंताकाकूंपासून. तेच सांगते. म्हणजे — त्यातलं जे तुम्हाला ठाऊक नाही, ते.

माझे बाबा कंपनीच्या गेटवर पत्रकं वाटायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरून. छापलेला शब्द मागे घ्यायचा नसतो, अशी आमच्या घरातली शिस्त. मीही पत्रकं काढायला लागले, आणि पहिलं मोठं पत्रक काढलं ते याच विषयावर. भंगारात दिलेली वायर नदीकाठी जाळतात, तो धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो. जुनं सामान मंडळाच्या खोलीत आणून द्या. रविवारी चाकणच्या पुढच्या परवानाधारक कारखान्याची गाडी येणार. ठळक अक्षरात छापलं होतं — येणार.

लोक देईनात. ज्या वस्तूला दर खंडेनवमीला फूल वाहिलं, ती कचरा म्हणून कशी द्यायची? मला तेव्हा याचं हसू यायचं. काकूंकडे त्यांच्या यजमानांचा कॉम्प्युटर होता. जाड्या, डबा मॉनिटरचा. काका कंपनीच्या टूलरूममध्ये कामाला होते. निवृत्त झाल्यावर हौसेनं त्यावर टायपिंग शिकले आणि वर्षभरात गेले. काकू मला म्हणाल्या, "ह्यांची वस्तू हाय. नीट जागी जाईल ना गं? भंगारात न्हाई ना जायची?"

मी शब्द दिला. काकांच्या कॉम्प्युटरला कुणी हातोडा लावणार नाही, आग लावणार नाही, असं सांगितलं.

काकूंनी तो पुसला, त्याच्या कडेला हळदकुंकू लावलं आणि मगच दिला. विधवेनं कुंकवाला हात लावला म्हणून दोघी-तिघी कुजबुजल्या. काकू त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "मशीन सवाष्णच असतं की. तुमी बघा आपापलं." मी त्यावर दुसरं पत्रक काढलं. काकूंच्या धैर्यावर. काकूंचं पाहून मग सगळ्यांनीच सामान आणलं.

आणि गाडी आली नाही. सामान थोडं आहे, आणखी जमू द्या, महिन्याभरानं पाहू, असं कारखान्यातून कळलं. गणपती तोंडावर आले होते. बाळूभाऊ म्हणाले, "ताई, तुमची क्रांती आमच्या ढोलांच्या जागेवर बसलीय." ते हसत होते. मी एवढंच सांगायचं होतं — गाडी आली नाही, सामान चार घरांत वाटून ठेवू. कुणी नाही म्हटलं असतं?

पण मी 'येणार' असं छापलं होतं ना.

त्याच रविवारी दुपारी गल्ली जेवून आडवी झाली होती. मी भंगारवाल्याचा टेम्पो बोलावला. पैसे नकोत, लवकर उचल, म्हटलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. संध्याकाळी मी सर्वांना सांगितलं की गाडी येऊन गेली. मंडळानं शाल-श्रीफळ दिलं. मी ते घेतलं.

इथवर तुम्ही म्हणाल, घाबरली बिचारी. थांबा. अजून संपलेलं नाही.

काही दिवसांनी नदीकडच्या उतारावर धूर दिसला. मी गेले. वायरी जळत होत्या. बाजूला एक फुटलेला मॉनिटर पडला होता, आतली काच बाहेर आलेली. त्याच्या कडेला काकूंच्या बोटाचं कुंकू तसंच होतं. आपली पोरं त्या उतारावर खेळायला येतात. कुणीतरी ते ओळखणार होतं. मी काय केलं? आग विझवली? ओरडले? मी इकडेतिकडे पाहिलं — आणि ओढणीच्या टोकानं ते कुंकू पुसलं. नीट, डाग राहणार नाही असं. ज्या कुंकवाचं पत्रकात कौतुक छापलं, ते याच हातानं पुसलं.

मग काकू गावभर सांगत सुटल्या. आमच्या ह्यांची वस्तू पूजा करून पाठवली, तुमी पण पाठवा. खंडेनवमीला शेवटचं फूल वाहायचं आणि निरोप द्यायचा, ही रीत त्यांनीच पाडली. दुसऱ्या वर्षी खरी गाडी आली. त्यानंतर दर वर्षी खरीच आली. प्रत्येक वस्तू योग्य जागी गेली. फक्त पहिली खेप नाही.

काल काकू हट्टानं गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून कारखान्यापर्यंत गेल्या. मी बरोबर होते. तिथं बायका स्क्रू काढून काच वेगळी, तांबं वेगळं, प्लास्टिक वेगळं करत होत्या. कुठे आग नाही, धूर नाही. काकू एका टेबलापाशी उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ह्यांचं पण असंच झालं असंल, न्हाई?"

मी म्हणाले, "हो काकू."

कालच म्हणाले. एवढ्या जिंकलेल्या दिवशी.

म्हणून यंदाचं विजयाचं पत्रक हेच. 'पहिल्या वर्षापासून एकही वस्तू भंगारात गेली नाही' ही ओळ त्यात येणार होती. ती येणार नाही. बाकी सगळं खरं आहे — गाडी भरली ती खरी, न बसणारं फळकूट खरं. ते तुम्ही केलंत, काकूंनी केलं, आणि ते कुणालाही मोडता येणार नाही. मलासुद्धा.

पहिली प्रत मी काकूंकडे घेऊन निघाले आहे. त्या चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचतात. त्यांचं बोट या शेवटच्या ओळीपर्यंत येईतो मी दारात उभी राहणार आहे.