रफूची जागा

मामा माझे नात्यातले कोणी नव्हेत. जिन्याखाली मी बटणं विकायला बसायचे आणि शेजारी ते रफू करायचे, बावीस वर्षं. अख्खा रस्ता त्यांना मामाच म्हणायचा. आमच्या या रस्त्यावर आधी सगळे कापडवाले होते, मग ओळीनं शिंपी आले, मग तयार कपड्यांची दुकानं. पाट्या बदलत गेल्या, मामांची बैठक मात्र हलली नाही. काम असं, की गिऱ्हाईक घरी जाऊन आपलंच भोक शोधत बसे.

मामींनी नव्या संसारात त्यांचा लग्नातला कोट इस्त्रीनं पाठीवर जाळला होता. मामांनी ते भोक बुजवलं आणि पैज लावली: तुझ्या बोटाला जागा सापडली की सुई खाली ठेवीन. थंडीत कोट बाहेर निघाला की मामी त्या पाठीवरून बोट फिरवायच्या आणि हरायच्या. चाळीस वर्षं हे चाललं होतं.

मग पुनर्विकास आला. जुन्या इमारती पाडून काचेचा बाजार होणार, आणि जिन्याखालच्यांपैकी जो खरा कारागीर, त्यालाच आत गाळा. नोंदणीला आलेल्या साहेबांच्या अर्जात एक रकाना होता, कामाचा नमुना. दुकानदारांनी मामांनी रफू केलेले कपडे आणून दिले. साहेबांनी ते उलटे केले, सुलटे केले, उजेडात धरले. कपडे तर धडधाकट आहेत, म्हणाले, रफू कुठाय? माझं डोकंच फिरलं. अहो, दिसत नाही हेच तर काम! पण माझं कोण ऐकतंय. साहेब रकान्यात रेघ मारायला निघाले.

थंडीचे दिवस होते. मामांनी अंगातला तो लग्नातला कोट काढला, मांडीवर पसरला आणि सुईच्या टोकानं एकेक धागा उसवायला लागले. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी बाजूला केला. अंगठ्याएवढं भोक उघडं पडलं. साहेबांनी शिक्का मारला.

मला गाळा नाही. बटणं विकणं म्हणजे कारागिरी नव्हे म्हणे. जाऊ दे.

दुपारी मामी डबा घेऊन आल्या. भोक दिसलं तशी त्यात बोट घातलं. मामा खाली बघत म्हणाले, "सापडली तुला. आता सुई ठेवतो."

मला रडूच आलं. मग गाळा मिळवला कशाला या माणसानं?

"उघड्या भोकात बोट घालायला काय अक्कल लागते?" मामी म्हणाल्या. "आधी बुजवा. मग शोधते."

नव्या बाजारात मामांचं पहिलं काम तेच. डोक्यावर दिवे ढीगभर, पण डोळे पूर्वीचे राहिले नव्हते. दोन दिवसांच्या कामाला तीन आठवडे लागले. काम संपलं त्या दिवशी मी भेटायला गेले होते. मामींनी पाठीवरून बोट फिरवलं. डाव्या खांद्याखाली ते थांबलं. तिथली गाठ मला लांबूनही दिसत होती. मामा त्या बोटाकडेच बघत होते.

"छे," मामी म्हणाल्या आणि बोट पुढे नेलं. "नाही सापडत."

मामांनी सुईत दोरा ओवला.