सासरी गैरहजर, माहेरी पाहुणी

रंभाबाई शेलार या बाई मूळच्या जांब्याच्या. तेराव्या वर्षी लग्न झालं, एकोणिसाव्या वर्षी नवरा पटकीने गेला, पोटी मूल नाही. भाऊ शहाणा म्हणून त्याने त्यांना चुलीपाशी बसवून ठेवलं नाही. सातवी झालेली होती, तेवढ्यावर पुण्यात सुईणीचं शिक्षण घ्यायला पाठवलं. शिक्षण संपलं, नोकरी लागली, आणि मुळशीच्या मुलखात फिरत फिरत एक्कावन्न साली त्या घोटावड्याला आल्या. गावाने चावडीशेजारची दोन खणांची खोली दिली. सरकारने दोन खाटा, एक पाणी तापवायचं पातेलं, एक पेटी आणि एक रजिस्टर दिलं. बाकी सगळं रंभाबाईंचे पाय.

आसपासच्या वाड्यावस्त्या त्या पायी फिरायच्या. पोटुशी बाई दिसली की रजिस्टरात नाव घालायचं, डोळ्याची पापणी ओढून रक्त बघायचं, लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि सांगायचं, दिवस भरले की केंद्रात या. बाया माना डोलवायच्या. पण येणाऱ्या थोड्याच.

एकोणीसशे साठच्या चैत्रात वरच्या कचेरीतून पत्र आलं. मागच्या साली नावं नोंदवली त्रेसष्ट, केंद्रात बाळंत झाल्या अकरा. स्त्रियांना केंद्राची गरज वाटत नसेल तर खाटा दुसरीकडे हलवाव्यात असा विचार चालू आहे. पुण्याच्या नर्सिंग कॉलेजातल्या एक ट्यूटरबाई याच विषयाचा अभ्यास करणार आहेत, त्यांचा अहवाल बघून ठरवलं जाईल.

रंभाबाईंनी पत्राची घडी घालून देवाच्या फळीवर ठेवली. राग आला नाही. संध्याकाळी पाय सुजायला लागल्यापासून राग यायलाही जोर लागतो असं त्यांना वाटायचं. नऊ वर्षं फिरून अकरा. खोली बंद झाली तर घोटावड्यापासून पौडपर्यंत मधे अडलेल्या बाईला टेकायला एक खाट उरणार नव्हती.

ट्यूटरबाई आल्या त्या पिरंगुटला एस.टी.तून उतरून चालत. वाटेत चपलेचा अंगठा तुटला होता, ती हातात धरूनच आल्या. तिशीच्या, चष्म्याच्या, बोलायला नीट. पुढच्या परीक्षेसाठी प्रबंध लिहीत होत्या. पिशवीतून सायक्लोस्टाइल केलेल्या फॉर्मांचा गठ्ठा काढून त्यांनी खाटेवर ठेवला.

"तुम्ही बावन्न घरी जायचं, रंभाबाई. ज्या आल्या नाहीत त्यांच्या. त्या माझ्याशी मोकळेपणाने बोलणार नाहीत."

फॉर्मवर सगळ्यात वर प्रश्न लिहिला होता: नाव नोंदवलेल्या स्त्रिया बाळंतपणासाठी केंद्रात का येत नाहीत? खाली गृहीतक: स्त्रिया अज्ञान व रूढी यांमुळे येत नाहीत. मग चार रकाने. अज्ञान, घरच्यांचा विरोध, रूढी, इतर.

"हे गृहीतक म्हणजे काय हो?" रंभाबाईंनी विचारलं.

"प्रश्न म्हणजे आपल्याला जे कळलेलं नाही ते. ते कळून घ्यायला काय काय मोजायचं, ती उद्दिष्टं. आणि उत्तर काय निघेल याचा आपला आधीचा अंदाज, ते गृहीतक. तो तपासून बघायचा."

"खोटा निघाला तर?"

"तर खोटा निघाला असं लिहायचं."

"तसं कुणी लिहितं का?"

ट्यूटरबाई हसल्या. "लिहायला पाहिजे."

रंभाबाईंना मात्र तो अंदाज खराच वाटला होता. नऊ वर्षं त्या स्वतःच म्हणत आल्या होत्या, ह्या बायांना कितीही सांगा, पालथ्या घागरीवर पाणी. फॉर्म भरायचे, रकान्यात खूण करायची, आणि सामान बांधायला लागायचं, असा हिशेब धरून त्या दुसऱ्या दिवशी निघाल्या.

शिवारात भाताच्या रोपांसाठी राब भाजायचं काम चाललं होतं. धुराने डोळे चुरचुरत होते. पहिलं घर कोंडाजीचं. कोंडाजी रानात गेलेला, त्याची बायको धोंडाबाई ओटीवर वरई निवडत बसलेली. धोंडाबाईच्या तोंडाला गाव वचकून असे.

"धोंडाबाई, तुमच्या सुनेचं नाव घातलं होतं मागल्या साली. तिला केंद्रात का आणली नाही? कुणी अडवलं?"

"कोन अडवनार? घरात आडवनारी मीच हाय येकली."

"तसं नव्हं. हितं लिहायचंय. अज्ञान, विरोध, का रूढी."

"माज्या नावाम्होरं अज्ञान लिव्हा. मालकबी त्येच म्हनत्यात."

"चेष्टा करू नका, मला अजून एकावन्न घरं फिरायचीत. का आली नाही ती?"

धोंडाबाईने सूप खाली ठेवलं. "ती हितं व्हती कुटं? सातव्यात वटी भरली, तिचा भाऊ गाडी घिऊन आला, गेली आईकडं. पयलं बाळतपन सासूच्या दारात करत्यात व्हय? तुमी ह्याच मुलखातल्या ना नर्सबाई? का तुमाला कंदी तसं जावं लागलं न्हाई, म्हनून ठावं न्हाई?"

बोलून गेल्यावर धोंडाबाईलाच ते लागलं. ती उठली आणि आत बघून म्हणाली, "सारजे, च्या टाक गं. गूळ जास्ती घाल."

रंभाबाईंनी पेन्सिल रकान्यावरून उचलली. पहिलटकरीण माहेरी जाते हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच. ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ते एका बाजूला ठाऊक होतं आणि रजिस्टर दुसऱ्या बाजूला होतं. दोन्ही एकमेकांना कधी भेटलेच नव्हते.

"मग इतकी वर्षं मी विचारत होते तेव्हा सांगितलं का नाही?"

"तुमी इचारता, का आली न्हाई. मी म्हनते, जमलं न्हाई. आता दीस का उगवतो त्ये सांगत बसायचं व्हय कुनाला? आन नर्सबाईला सांगायचं म्हंजी लाजच."

तेवढ्यात चहा घेऊन सारजा बाहेर आली. धोंडाबाईची लेक, पौडकडच्या एका वाडीत दिलेली. पोट खाली उतरलेलं, आठवा तरी असावा. पायातलं पैंजण सुजेत रुतलेलं.

"ही कधी आली?"

"पंधरा दीस झालं. हिचं बी पयलं."

"नाव कुठं घातलंय हिचं?"

"सासरी. तितली नर्स यिऊन लिवून गेली," सारजा म्हणाली.

म्हणजे तिकडच्या रजिस्टरात नाव, आणि बाळंतपणाच्या जागी तिकडची नर्स लिहिणार, आली नाही. इकडे सारजा समोर उभी, तर तिच्यासाठी रजिस्टरात ओळच नाही. रंभाबाईंनी चहा घेतला, सारजाचे पाय दाबून पाहिले, बोटाचा खळगा तसाच राहिला. "मीठ बंद कर. चार दिसांनी मला दाखवायला ये. आणि दिवस भरले की माझ्याच खोलीत."

"तिचं नाव तुमच्या वहीत न्हाई की," धोंडाबाई म्हणाली.

"नसू दे."

त्यांनी फॉर्मवर चौथ्या, 'इतर'च्या रकान्यात खूण केली आणि पुढे लिहिलं: बाई इथे नव्हती.

त्यानंतर प्रत्येक घरी रंभाबाईंनी प्रश्न फिरवून विचारला. का आली नाही, हे सोडून दिलं. कुठे बाळंत झाली, कुणाच्या हाताने, एवढंच. वैशाख सरेपर्यंत बावन्न घरं झाली. सदतीस जणी माहेरी गेलेल्या, त्यात दुसरेपणाच्या तिसरेपणाच्याही होत्या. सहा जणी धनगरांच्या, मेंढरांमागे बाहेरमुलखात गेलेल्या, तिकडे रानातच मोकळ्या झालेल्या. राहिल्या नऊ. त्या नऊ जणी गावातच होत्या आणि तरी आल्या नव्हत्या. त्यांच्यापाशी रंभाबाई जास्त बसल्या. पाच-सहा जणींनी एकच सांगितलं, खोलीचं दार चावडीकडं, दिवसभर पुरुषमाणसं बसलेली, तिथून कळा देत कसं जायचं. नऊ वर्षांत त्या दारातून रंभाबाई हजार वेळा आत-बाहेर झाल्या होत्या.

याच दिवसांत सारजा केंद्रात बाळंत झाली. दिवसभर त्रास झाला, बाळ उशिरा रडलं, पण मायलेकी दोघी सुखरूप. धोंडाबाईने नातीच्या पायावर डोकं ठेवलं आणि रंभाबाईंना म्हणाली, "आता लिव्हा की हिला तुमच्या वहीत." रंभाबाईंनी रजिस्टर उघडलं आणि मिटलं. मग ट्रंकेतून एक वेगळीच वही काढली. चार वर्षांपूर्वी तपासणीला आलेले साहेब म्हणाले होते, बाहेरगावच्या बायांनी हिशेब बिघडतो, त्या रजिस्टरात घालू नका. तेव्हापासून माहेरी आलेल्या लेकींची बाळंतपणं त्या या वहीत उतरवत. कुणी मागितली नव्हती, त्यांनी दाखवली नव्हती. वहीवर लिहिलं होतं, पाहुण्या. मागच्या साली त्यात सतरा नावं होती. पाच खाटेवर झालेल्या, बारा त्यांच्या घरी जाऊन केलेल्या.

जिथे नांदते तिथे ती गैरहजर. जिथे जन्मली तिथे पाहुणी. त्या वहीवर हात ठेवून रंभाबाई बराच वेळ बसल्या. आपण अकरा म्हणून खाली मान घातली आणि हे आपल्याच अक्षरातलं आपल्यालाच दिसलं नाही, याचा त्यांना शीण आला.

ज्येष्ठात ट्यूटरबाई फॉर्म न्यायला आल्या. खाटेवर बसून त्यांनी एकेक पान उलटलं. अज्ञानाचा रकाना कोरा. विरोधाचा कोरा. सगळं चौथ्यात.

"रंभाबाई, इतरमध्ये सगळं घालून कसं चालेल? माहेरी जाणं ही रूढीच की. सदतीस रूढीत घाला."

"घातलं असतं. पण मग त्या आल्या नाहीत असं होतं. त्या इथं नव्हत्याच."

"अर्थ एकच."

"एक कसा? आली नाही म्हटलं की खाट नको असं होतं. इथं नव्हती म्हटलं की तिकडं खाट होती का, हे विचारावं लागतं." त्यांनी पाहुण्यांची वही पुढे केली.

ट्यूटरबाईंनी वही वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "हे गृहीतक मंजूर होऊन आलंय," त्या हळू म्हणाल्या. "वर्ष गेलं त्यात. प्रश्न बदलला तर परत अर्ज, परत मंजुरी. माझी रजा संपतेय."

रंभाबाईंना या बाईची कीव आली. हीही कुणाकुणाच्या दारात कागद घेऊन उभी राहत असेल. त्यांनी चहा ठेवला.

कप हातात घेतल्यावर ट्यूटरबाईंनी एक फॉर्म पालथा केला आणि पेन उघडलं. "सांगा. तुमच्या शब्दात प्रश्न काय?"

"बाया जातात कुठं?"

"तेवढ्याने मोजता येणार नाही. कोणत्या बाया, कुठल्या गावातल्या, किती काळात?"

"घोटावडं आणि वाड्या. एका सालात ज्या ज्या बाळंत झाल्या त्या सगळ्या. सून असो का लेक. कुठं झाल्या, कुणाच्या हातून."

ट्यूटरबाई लिहीत होत्या. "उद्दिष्ट एक, सुना गेल्या कुठे ते शोधणं. दोन, लेकी आल्या किती. आणि गृहीतक?"

"नाव जिथं असतं तिथं बाळंतपण होत नाही, आणि बाळंतपण होतं तिथं नाव नसतं." मग रंभाबाई म्हणाल्या, "त्या नऊ जणींचंही लिहा. दाराचं. ते आमचंच चुकलंय."

"ते लिहिलं तर खाटा हलवायला त्यांना कारण मिळेल."

"मिळू दे. तपासायचं म्हणालात ना?"

ट्यूटरबाईंनी तेही लिहिलं. मूळच्या फॉर्मवर, वरच्या बाजूला, लाल पेन्सिलीने एवढंच: गृहीतक सिद्ध झाले नाही. जाताना त्या म्हणाल्या, परीक्षेचं बहुतेक पुढच्या साली. चेहरा उतरलेला होता, पण पाठ सरळ होती.

आश्विनात ट्यूटरबाईंच्या अहवालावर कचेरीचं उत्तर आलं. खाटा एक वर्ष आहेत तिथेच राहतील. या वर्षात प्रसूत होणाऱ्या सर्व स्त्रियांची, सासरच्या व माहेरच्या, नवीन नमुन्यात नोंद करावी. त्यानंतर निर्णय होईल. खोलीचं दार दुसऱ्या बाजूला काढण्याबाबत ग्रामस्थांनी पाहावे. मदतनीस देता येत नाही.

रंभाबाईंनी ते दोनदा वाचलं. आनंद व्हायला हवा होता, तो झाला, पण थकलेल्या माणसाला होतो तेवढाच. म्हणजे त्याच वाड्या, तीच घरं, आणि आता सुनांच्या जोडीला लेकीही. सकाळी त्यांनी भैरवनाथाच्या उंबऱ्यावर फूल ठेवलं. मागायचं काय हे नीट सुचलं नाही. पाय तेवढे चालू दे, असं म्हणून त्या निघाल्या.

पहिलं घर म्हाताऱ्या गेणबाचं लागलं. तो अंगणात दोर वळत होता.

"गेणबा, तुमच्या लेकी कुठंकुठं दिल्यात, सांगता का? आणि यंदा कोण यायची आहे माहेरपणाला?"

गेणबाने दोर मांडीवर ठेवला आणि नर्सबाईंच्या पायांकडे पाहिलं.

"लेकी सात हायेत मला. आन त्यांच्या लेकी निराळ्या," तो म्हणाला. "बसा मंग. लई येळ लागंल."

रंभाबाई ओटीच्या पायरीवर टेकल्या, चपला काढल्या आणि कोरा कागद मांडीवर घेतला.