झोपलेल्या बारा कुंड्या

"सावंतबाई, लॉबीतल्या त्या बारा कुंड्या आजच फेका. क्लायंटचा फोन आला, मेलेली झाडं दिवाळीत नकोत."

कदमसाहेब माझे बॉस. आमची कंपनी लोअर परळच्या ऑफिसांना भाड्याने झाडं पुरवते. पंधरा दिवसांनी 'रोटेशन' होतं. म्हणजे मलूल झाड उचलायचं आणि नर्सरीतलं टवटवीत तिथे ठेवायचं. आमच्या धंद्यात झाड वाढवत नाहीत, बदलतात. मला याचा पहिल्यापासून राग आहे.

या कुंड्यांत अ‍ॅस्ट्रान्शिया होती. गाजर-कोथिंबिरीच्या कुळातली, थंड देशातली, गुलाबी फुलांची. क्लायंटच्या मोठ्या मॅडमना तीच हवी होती. बी मी स्वतः रुजवलं होतं. अशा झाडाला 'हार्डी पेरेनियल' म्हणतात. थंडीत वरचं सगळं वाळतं, मूळ जिवंत राहतं आणि पुढच्या मोसमात पुन्हा फुटतं.

मी माती उकरून पाहिली. मुळं पांढरी, घट्ट. वर बारीक लालसर कोंब.

"साहेब, मेलेली नाहीत. झोपलीत."

"झोपायला भाडं देतात का ते? फेका."

"नाही फेकणार."

"मग ही साइट दुसऱ्याला देतो."

"द्या. कुंड्या माझ्याबरोबर येतील."

आणल्या टेम्पोत घालून. घर नायगावला, चाळीतली एक खोली, तिथे कसली थंडी! या झाडाला दोन महिने गारठा लागतो. दादरच्या फूलबाजारात नानांची कोल्ड रूम आहे, तिथे गेले.

"ताई, मी फुलं ठेवतो हितं. मातीच्या कुंड्या कुठे घेऊ?"

"फुलंच आहेत नाना. अजून आली नाहीत, एवढंच."

नाना हसले आणि मागचा कोपरा रिकामा करून दिला. रोज कामावर जाताना मी माती चाचपायचे. साइट खरंच गेली होती, परळच्या एका बँकेत मनीप्लांट पुसत होते.

जानेवारीअखेर बारापैकी नऊ फुटल्या. सकाळी लवकर जाऊन मी त्या लॉबीत, एसीजवळच्या खिडकीत, पुन्हा ठेवल्या.

"कोणाला विचारून?" कदमसाहेब कडाडले.

"कोणालाच नाही."

त्यांनी काढायला माणूस पाठवायच्या आत मोठ्या मॅडमनी कोवळी पानं पाहिली आणि ओळखली. मग कोणाची हिंमत होती हात लावायची! मेमध्ये फुलं आली. बटणाएवढी, फिकट गुलाबी, भोवती कागदी झालर. मॅडम फोटो काढत होत्या आणि साहेब सांगत होते, "आमच्या टीमची मेहनत." मी तोंडावरच म्हटलं, "टीममध्ये मी आणि नाना." मॅडमनी ते ऐकलं आणि साइट मला परत मिळाली.

पुढच्या दिवाळीला कुंड्या पुन्हा बोडक्या झाल्या. या वेळी फोन मीच केला.

"साहेब, मेली बरं का सगळी."

"गप बसा हो. नानांना सांगून ठेवलंय."

हे झाड फुटायला दोन महिने गारठा लागतो. साहेबांना वर्ष लागलं.