महिनाअखेरपर्यंत थांब

सरांच्या घरी मी संध्याकाळच्या पोळ्या करते. जालन्यात माझी तीन घरं आहेत, पण बाकीच्या दोन घरी सकाळी जावं लागतं आणि तिथं सगळ्यांना घाई असते. सरांच्या घरी घाई नसते. सर कॉलेजात शिकवायचे, आता रिटायर झालेत. मुलगा पुण्याला असतो. घरात सर आणि बाई दोघंच. मी सहाला जाते तेव्हा हॉलमध्ये टीव्ही चालू असतो आणि सरांचे मित्र, बियाण्याच्या दुकानाचे शेठ, येऊन बसलेले असतात. स्वयंपाकघराला दार नाही, नुसती चौकट आहे. हॉलमधलं सगळं मला ऐकू येतं, मी मात्र त्यांना दिसत नाही.

माझी लेक जिथं लढाई चालू आहे त्या देशात आहे. देशाचं नाव लिहायला हात धजत नाही, म्हणून लिहीत नाही. तिनं इथंच नर्सिंगचा कोर्स केला, दोन-तीन वर्षं दवाखान्यात रात्रपाळ्या केल्या, मग एका एजन्सीकडून तिकडं गेली. एका म्हाताऱ्या बाईला सांभाळायचं काम आहे. त्या बाईला चालता येत नाही. माझी लेक गेली तेव्हा तिकडं लढाई नव्हती.

हे सरांच्या घरी कोणाला माहीत नव्हतं. बाईंनी एकदा विचारलं होतं, मुलगी काय करते. मी म्हणाले, बाहेर असते नोकरीला. त्यांना वाटलं पुण्याला किंवा संभाजीनगरला. मी तसंच राहू दिलं. मला चार माणसांत बोलायला जमत नाही. शाळेत गुरुजी उभं करायचे तेव्हा येत असलेलं उत्तरही घशातच राहायचं. आणि एखादी गोष्ट पहिल्या दिवशी सांगितली नाही की दहाव्या दिवशी सांगणं फार अवघड होतं. मालक वारल्यापासून घरी बोलायला कोणी नाही, त्यामुळे सवयही गेली.

त्या महिन्याच्या सुरुवातीला टीव्हीवर रोज एकच चर्चा होती. त्या लढाईला हत्यारं पुरवणारा जो मोठा देश आहे, त्याच्या संसदेत भांडण लागलं होतं. काही जण म्हणत होते, लढाई कधी संपवायची त्याची तारीख ठरवा, त्या तारखेनंतर आपण हत्यारं देणार नाही. काही जण म्हणत होते, तारीख सांगणं म्हणजे शत्रूला मदत करणं. शेवटी त्यांच्या अध्यक्षानं सांगितलं की महिनाअखेरपर्यंत लढाई थांबली पाहिजे.

हॉलमध्येही तेच चालायचं. सर तारखेच्या बाजूचे. ते म्हणायचे, तारीख ठरली की दोघांना बोलायला बसावंच लागतं, तारीख नसली की लढाईची सवय होते. शेठ म्हणायचे, तारीख कळली की समोरचा तेवढे दिवस दम धरून बसतो.

"सर, तुम्ही जिंदगीभर पोरांना परीक्षेची तारीख दिली," शेठ एकदा म्हणाले, "आता सगळ्या दुनियेला देऊन राह्यले."

"आणि तुम्ही गिऱ्हाईकाला म्हणता, उद्या माल येतो. ती कुठली तारीख असते?"

बाई हसल्या. मलाही चौकटीच्या आत हसू आलं. त्यांनी पेढ्यांची पैज लावली. महिनाअखेरीला लढाई थांबली तर शेठनं पेढे आणायचे, नाहीतर सरांनी.

त्याच आठवड्यात रविवारी दुपारी लेकीचा फोन आला. ज्यांना परत जायचं आहे त्यांच्यासाठी गुरुवारी बस आहे, म्हणाली. शेजारच्या देशापर्यंत नेणार, तिथून विमान. पुन्हा बस सुटेल का ते कोणी सांगत नाही.

"आई, येऊ का थांबू? तू म्हणशील तसं करते."

असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. शाळा सुटली तेव्हा नाही, लग्न ठरलं तेव्हा नाही, मालकांना कुठल्या दवाखान्यात न्यायचं तेव्हाही दिरांनी ठरवलं. मी तिला म्हणाले, उद्या सांगते.

दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी मी पोळ्या लाटत होते आणि माझे कान हॉलमध्ये होते. सर शिकलेले, जगाचा इतिहास शिकवलेले. शेठ बोलतात ते दुकानदाराचं बोलणं. सर त्या दिवशी फार छान बोलले. कुठल्या कुठल्या जुन्या लढाया तारीख ठरल्यावर कशा थांबल्या ते त्यांनी सांगितलं. मला बराबर पटलं. घरी जाऊन मी लेकीला फोन केला आणि म्हणाले, महिनाअखेरपर्यंत थांब. वर हेही म्हणाले की तारीख ठरली की दोघांना बोलायला बसावंच लागतं.

ती हसली. "आई, तू कधीपासून बातम्या बघायला लागलीस?"

खरं सांगायचं तर मला त्या वेळी बरं वाटलं. लेकीला काहीतरी शहाणपणाचं सांगितलं असं वाटलं. गुरुवारी बस गेली.

महिनाअखेरीला आमच्या गल्लीत नळाला पाणी यायचा दिवस होता. सकाळी भांडीकुंडी भरली, दोन घरं केली, दुपारी जेवण गेलं नाही. संध्याकाळी अर्धा तास आधीच सरांकडे गेले. बाई म्हणाल्या, आज लवकर? मी म्हणाले, पाणी भरून झालं म्हणून आले. टीव्हीवर तो अध्यक्ष बोलत होता आणि खाली मराठीत लिहून येत होतं. बोलणी चालू आहेत, मुदत तीन आठवडे वाढवली आहे.

शेठनं टाळी वाजवली. सर मोकळेपणानं हरले. त्यांनी पेढे आधीच आणून फ्रिजमध्ये ठेवले होते, म्हणजे त्यांनाही आतून माहीतच होतं. बाई एक पेढा घेऊन आत आल्या. "घ्या ताई, सर हरले."

मी तो खाल्ला. नाही कसं म्हणणार?

चार दिवसांनी लेकीचा फोन आला. बोलता बोलता तिनं सांगितलं की परवा त्यांच्या समोरच्या बिल्डिंगवर काहीतरी येऊन पडलं. ह्यांच्या खिडक्यांच्या काचा गेल्या. ती म्हातारीला घेऊन जिन्यात बसली होती. हे मला दोन दिवस उशिरा सांगितलं. मी विचारलं, लागलं का कुठं? ती म्हणाली, काच पायाला लागली, थोडीच.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की हे मला ठाऊक होतं. वाढवलेल्या तारखा मी पहिल्यांदा बघत नव्हते.

चौथीनंतर माझी शाळा सुटली कारण आईवडील ऊसतोडीला जायचे आणि धाकट्यांना सांभाळायला कोणी नव्हतं. त्या वर्षी आम्ही अंकुशनगरकडच्या उसाच्या फडात होतो. ऊस संपून कारखाना बंद झाला की आमची माणसं म्हणायची पट्टा पडला, आणि मग सगळे आपापल्या गावी. उन्हं वाढली की सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडं लागायचं. एक दिवस मंठ्याकडून निरोप आला की माझी आजी, आईची आई, फार आजारी आहे आणि आईचं नाव घेते. आईनं लगेच दोरीवरचं लुगडं गाठोड्यात बांधायला काढलं. टोळीचा मुकादम म्हणाला, आठ दिवसांत पट्टा पडतो, आठ दिवसांसाठी तोडणीची जोडी कशाला मोडता? वडिलांनाही ते पटलं. आईनं लुगडं परत दोरीवर टाकलं.

आठ दिवसांचे सोळा झाले. मग आणखी आठ. वडील मुकादमाकडे गेले, मी त्यांच्या मागं होते. वडील म्हणाले, खरी तारीख काय ती सांगा. मुकादम माणूस वाईट नव्हता, त्यालाही घरी जायचं होतं. तो म्हणाला, "तारीख सांगितली की तुमचे हात ढिले पडतात. न्हाई सांगितली तर तुम्ही पळून जाता. मंग मी काय करू?"

आई तिथंच मोळी बांधत होती. तिनं मान वर केली नाही. "पट्टा पाडणं तुमच्या हातात हाय का?" तिनं विचारलं. मुकादम म्हणाला, न्हाई बाई. "मंग तुमची तारीख मी कशाला धरली," आई म्हणाली. ते ती त्याला बोलली नाही, स्वतःलाच बोलली.

आम्ही मंठ्याला पोचलो तेव्हा आजीचं तेरावं होऊन गेल्तं.

हे सगळं मला पाठ होतं. सरांनी टीव्हीकडे बघून जे सांगितलं त्याच्या कितीतरी आधी मला हे माहीत होतं. पण ते फडावरच्या झोपडीतलं, कोपीतलं होतं, उसाच्या पाचटातलं होतं, आणि सरांचं पुस्तकातलं. मी आईचं सोडून सरांचं घेतलं. लेकीनं मला विचारलं होतं, आणि मी तिला दुसऱ्याचं उत्तर दिलं.

तीन आठवड्यांची नवी मुदत अर्धी संपली तेव्हा त्या संसदेत पुन्हा भांडण सुरू झालं. नुसती तारीख नको, कायदा करून तारीख बांधा, असं आता एक बाजू म्हणत होती. हॉलमध्ये शेठनं विचारलं, काय सर, ह्या खेपेला बर्फी ठेवायची का? त्या दिवशी चहाचा ट्रे बाईंच्या आधी मी उचलला. ट्रे टीपॉयवर ठेवला आणि तिथंच उभी राहिले.

"सर, माझी पोरगी तिथं हाय," मी म्हणाले. "तिला निघ म्हणू का थांब म्हणू?"

सरांना आधी कळलंच नाही. कुठं, म्हणाले. मी टीव्हीकडे हात केला. बाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. शेठ सरळ होऊन बसले. मग बाई म्हणाल्या, ताई, इतके दिवस बोलला का नाहीत? मी ट्रेमधले कप सरळ करत राहिले. शेठना पैजेचं आठवलं असणार, कारण ते खाली बघत होते.

शेठच आधी बोलले. "बुलवून घ्या जल्दी. बिलकुल थांबू नका."

सर म्हणाले, असं एकदम कसं सांगता, आता रस्ते बंद आहेत, निघण्यातच जास्त धोका आहे. ह्या वेळी कायदा झाला तर तारीख पाळावीच लागेल. शेठ म्हणाले, मागच्या खेपेला पण तुम्ही हेच म्हणत होते. सर म्हणाले, मागच्या खेपेला कायदा नव्हता. शेठ म्हणाले, कायदा काय बंदुकीला कळतो का. दोघांचाही जीव माझ्या लेकीसाठी तुटत होता, ते खोटं नव्हतं. पण थोड्या वेळानं ते एकमेकांकडेच बघून बोलायला लागले. मी ट्रेजवळ उभीच होते. मग मला तव्यावरच्या पोळीचा वास आला आणि मी आत गेले.

बाई माझ्या मागं आल्या. जळकी पोळी त्यांनी बाजूला काढली आणि पुढच्या चार त्यांनी लाटल्या, मी भाजल्या. मी घरी निघाले तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लेकीला फोन लावला. मनात वाक्य पक्कं केलं होतं. म्हणाले, "तू निघ माय. कोणाचीच तारीख बघू नको. जे वाहन मिळंल त्यानं निघ."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आई, आता बस न्हाई," ती म्हणाली. मग तिनं सांगितलं की म्हातारीच्या मुलाला लढाईवर बोलावलंय आणि सून पोरांना घेऊन माहेरी गेली. वरच्या मजल्यावर आता ह्या दोघीच. "मी निघाले तर तिला संडासला कोण नेणार?"

मी म्हणाले, मीच तुला थांब म्हणाले होते, माझं चुकलं.

"तेव्हा तू म्हणालीस म्हणून थांबले होते," ती म्हणाली. "आता तसं न्हाई."

तिचा आवाज रागाचा नव्हता. दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांशी ती जशी बोलायची तसा होता. शांत, थोडा लांबून. मग कधी येशील, मी विचारलं.

"तारीख नको मागू आई."

मी नाही मागितली. म्हातारीनं आज काय खाल्लं ते विचारलं. सूप, म्हणाली. विजेचं विचारलं. येते-जाते, म्हणाली. पायाची काच निघाली का विचारलं.

दुसरी मुदत होऊन गेली. त्याचं काय झालं ते मला नीट माहीत नाही. सरांच्या घरी आता मी गेले की बाई टीव्हीवर मालिका लावतात, तीही बारीक आवाजात. शेठ मी काम आटपून निघून गेल्यावर येतात. एकदा जिन्यात भेटले तेव्हा थांबून लेकीची खुशाली विचारली आणि घाईनं वर गेले. ही त्यांची माणुसकी आहे, मला कळतं. पण त्या हॉलमधल्या भांडणात मला तिच्या गावाचं नाव तरी ऐकू यायचं. आता पोळपाटाचा आवाज येतो आणि मालिकेतल्या सासवांचा. मीच बोलून ते बंद केलं.

तिचा फोन आठवड्यातून तीनदा येतो, सकाळच्या घरांवरून मी परत आले की. येऊ का थांबू, हे ती आता विचारत नाही. मी रोज वाट बघते. आता विचारलं तर मी एका क्षणात सांगेन, उद्या सांगते म्हणणार नाही. ती विचारते, जेवलीस का. मी म्हणते, जेवले.