दिवसाचा चंद्र

आमच्या नव्या घराची भिंत बदामी रंगाची आहे. दुपारी तिच्यावर ऊन अलगद उतरतं. आई मात्र भिंतीपासून वीतभर पुढेच बसायची. भाड्याच्या खोल्यांत जन्मभर तिने ऐकलेलं, "डोकं टेकू नका, तेलाचे डाग पडतात."

"आई, टेक की निवांत."

"आन् मालक वरडला तर?"

"मालक मीच आहे गं!"

"आस्सं? मग टेकू का, शिकलेले मालक?" म्हणत ती हसली आणि हळूच टेकली. टेकल्या टेकल्या तिचा डोळा लागला.

आता तिथे दिवसाच्या चंद्रासारखा फिकट, गोल डाग उमटलाय. पाहुणे यायचे असले की मी सगळं घर पुसतो, तेवढी जागा सोडून.